तोंड सोडून काय बी काढा

बोथ

सांगलीत माझा फोटो स्टुडिओ आहे आणि माणसांच्या चेहऱ्यांवर माझं पोट चालतं. "मान जरा डावीकडे, हनुवटी खाली, हं, आता हसा," हे मी झोपेतसुद्धा म्हणतो अशी बायकोची तक्रार आहे. अशा माणसाने एका म्हातारीच्या मागे कॅमेरा घेऊन हिंडावं आणि तिचा चेहरा मात्र घेऊ नये, असं कुणी मला आधी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण सत्त्याऐंशी सालच्या डिसेंबरात तेलुगू मुलुखातल्या आदिलाबाद जिल्ह्यात माझ्यावर नेमका हाच प्रसंग आला. तुमच्यापैकी फार थोडे त्या बाजूला गेले असतील, म्हणून सविस्तर लिहितो.

माझा आतेभाऊ शरद तिथल्या बोथ गावी बँकेत होता. त्याचे आजोबा निजामाच्या अमलात नोकरीसाठी तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. शरद शिपायाशी तेलुगूत, कापसाच्या व्यापाऱ्याशी हिंदीत आणि माझ्याशी मराठीत बोले, तेही एकाच श्वासात, आणि तीनही भाषांत घाईत असे. "ये, सागाची जंगलं बघ, फोटो काढ," असं त्याने चार वर्षं लिहिलं, तेव्हा मी एकदाचा गेलो. जंगलं पाहिली. सागाची पानं एवढी मोठी की एका पानावर माझं जेवण सहज मावलं असतं. पण झाडांचे फोटो काढायला मला मजा येत नाही. झाड हसत नाही.

तिसऱ्या दिवशी समोरच्या मंडल ऑफिसातला, म्हणजे आपल्याकडच्या तालुका कचेरीतला, कारकून नामदेव चहाला आला. सावळा, सडपातळ, चाळिशीला टेकलेला माणूस. माझा कॅमेरा पाहून तो बराच वेळ घुटमळला आणि मग म्हणाला, "सार, एक दरखास्त हाय."

मला वाटलं, कसला तरी सरकारी कागद असणार.

"माय साठीच्या वर गेली जी. बहीण मंचेरियलले देली हाय, सुमन. जावई कोळशाच्या खाणीत. लेकरू लहान हाय म्हनून दोन वर्सं झाले, ती आली नाही. तिले मायचा एक फोटो पाठवाचा होता. जिता फोटो."

"जिता फोटो म्हणजे?"

"म्हंजे जितेपनीचा."

मी हसलो. म्हटलं, दुसरा कुठला असतो? शरदने कपात तोंड घातलं.

गावात

नामदेवचं गाव बोथपासून आठ-दहा मैलांवर, महाराष्ट्राच्या शिवेला जवळजवळ चिकटलेलं. चार दिवसांची रजा टाकून त्याने मला आपल्या घरी नेलं. रस्त्याच्या एका अंगाला पांढरा फुटलेला कापूस, दुसऱ्या अंगाला ज्वारी कापून मोकळं झालेलं रान. घर मातीचं, अंगण शेणाने सारवलेलं आणि ओसरीच्या भिंतीवर चौकटीतले तीन फोटो.

धंद्याच्या सवयीने मी आधी त्या फोटोंकडे गेलो. मधल्या फोटोत एक म्हातारा खुर्चीत ताठ बसला होता. कोरं धोतर, नवा फेटा, हात गुडघ्यांवर. नजर अशी रोखलेली की बघणाऱ्याने एक पाऊल मागे सरावं. दोन्ही बाजूंना, फोटोच्या अगदी कडेला, खांद्यावर ठेवलेली कुणाची तरी बोटं दिसत होती.

"हे वडील ना? फार रागीट होते का हो?"

"नाही सार," नामदेव म्हणाला. "मेले होते."

माझी पाचावर धारण बसली. मग त्याने शांतपणे सगळं सांगितलं. त्या गावात, आणि आजूबाजूच्या दोन-चार गावांतही, माणूस गेला की बोथला सायकल पाठवून फोटोवाल्याला बोलावतात. मढ्याला आंघोळ घालून, नवे कपडे घालून खुर्चीत बसवतात, दोघे जण धरतात, डोळे उघडतात आणि तोंडाचा फोटो काढतात. ज्या नातलगांना पोचता आलं नाही त्यांना तो पाकिटातून पाठवतात. सोबत चिठ्ठी लागत नाही. तोंडाचा फोटो आला म्हणजे माणूस गेला. आमच्याकडे मरणाची बातमी आणणारं कार्ड वाचून झालं की फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. इथे तीच बातमी भिंतीवर लावतात आणि तिच्याखाली बसून जेवतात. मला आधी शहारे आले, पण दुपारपर्यंत मीही त्या तिघांच्या देखत दोन भाकरी चापल्या होत्या. अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी होती. तिखटाच्या बाबतीत सांगलीकर कुणाला हार जात नाही अशी फुशारकी मी मारली आणि पुढची दहा मिनिटं तांब्या तोंडाला लावून बसलो.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "कोन आलं बाप्पा?"

यमुनाबाई. उंच, काटक बाई, लुगड्याचा पदर खोचलेला, हातात विळा.

"सांगलीचे फोटोवाले हायेत, माय," नामदेव म्हणाला.

"काऊन? कोन मेलं?"

नामदेवने गयावया केली. मी माझी सगळी गोड वाक्यं वापरली, जी सांगलीच्या रुसलेल्या नवऱ्या मुलींवरसुद्धा चालतात. बाई ढिम्म हलली नाही.

"माह्या तोंडाचा फोटो मी मेल्यावर. तवा मले काही म्हन्ता येनार नाही, मंग खुशाल काढा."

"सुमनले पाठवाचा हाय वो," नामदेव म्हणाला.

सुमनचं नाव ऐकून ती विळ्याच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिली. "मंग तोंड सोडून काय बी काढा," ती म्हणाली. "हात काढा, पाठ काढा, बैल काढा. पन तोंड तिच्या हाती पडलं त पोरगी छाती पिटत येईन अर्ध्या रस्त्यातून."

मला हे सगळं म्हाताऱ्या माणसांचं खूळ वाटलं. सुमन शहरात राहते, तिला काय त्याचं, असं मी मनात म्हटलं आणि त्याची शिक्षा मला पुढे मिळाली.

वेचणीचे दिवस

पहिल्या दिवशी मी हात काढले. कापूस वेचणारे, सुरकुतलेले, नखांत माती गेलेले हात. ऊन छान होतं. संध्याकाळच्या बसने बोथला जाऊन तिथल्या एकुलत्या एका फोटोवाल्याच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली. राजन्ना त्याचं नाव. भिंतीवरचे ते तिन्ही फोटो त्याचेच. धंदाबंधू म्हणून त्याने मला औषधं फुकट वापरू दिली आणि माझे कष्ट पाहून कळवळून म्हणाला, "जिंदा आदमी बहुत हिलता है, साब."

दुसऱ्या दिवशी ते फोटो मी शेजारणींना दाखवले. "कुणाचे हात, ओळखा."

एक म्हणाली शेवंताचे, दुसरी म्हणाली माह्या सासूचे. तिसरी बराच वेळ बघून म्हणाली, "हात हायेत." आणि वेचायला निघून गेली.

मी खट्टू झालो, पण त्या बाईचं बरोबर होतं. सुरकुत्या बघून शहरातली माणसं हळहळतात. सुरकुत्या सगळ्यांनाच असतात. त्यात यमुनाबाई कुठे होती? मी एका म्हातारीचा फोटो काढला होता, तिचा नाही.

त्या दिवशी संध्याकाळी नामदेव आणि मी बांधावर बसलो होतो. लांबून माणसं रानातून परतत होती, दिवस मावळतीला, उजेड त्यांच्या पाठीमागे. मला नुसत्या काळ्या आकृत्या दिसत होत्या. नामदेव मात्र हजेरी घेतल्यासारखा नावं घेत होता. "तो गंगाराम. ते शेवंतामावशी. तो पोशेट्टी, दारू पिऊन हाय आज."

"तोंड दिसत नाही, मग तुम्हाला कसं कळतं?"

"तोंड तं जवळ आल्यावर दिसते जी. मानूस त्याच्या आदी येते."

हे ऐकून मी अक्षरशः उठून उभा राहिलो. इतकी वर्षं मी लोकांना स्टुलावर बसवून, मान वळवून, पाठीमागे निळा पडदा लावून फोटो काढत आलो, आणि माणूस चेहऱ्याच्या आधी येतो हे मला एका कारकुनाने बांधावर बसून सांगितलं. मी त्याच उत्साहात विचारलं, "आई कुठे आहेत?"

"ती सगळ्याच्या मागून येते. जाते बी सगळ्याच्या आदी. मालकीन हाय ना."

मग मी दुसऱ्या तऱ्हेने बघू लागलो. यमुनाबाई बोलताना एक खांदा पुढे काढते. हुकूम देताना मान नाही, आख्खी पाठ वळते. कुणी चुकलं की आधी तिच्या कोपराला कळतं. तिला चालताना गाठावं असं माझ्या फार मनात होतं, पण ते काही जमेना. मी उठायच्या आत ती शेतात पोचलेली असे, आणि मी बघावं तेव्हा एका जागी उभी राहून ओरडत असे. मी याला तिचा रुबाब समजलो.

चौथ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा ती अजून घरीच होती, आणि फोटो मिळाला. मी घरात, अंधारात बसलो होतो. ती दारात माझ्याकडे पाठ करून उभी, एक हात वर चौकटीला, दुसऱ्या हातातला विळा शेताच्या दिशेने रोखलेला. पलीकडे अंगणात, उन्हात, वेचणीला निघालेल्या तीन बाया. एक मान खाली घालून ऐकतेय, एक पदराआड हसतेय, तिसरी निघायच्या घाईत एक पाऊल उचलून थबकली आहे. कोपऱ्यातलं कुत्रंसुद्धा तिच्याकडेच बघत होतं. तिचा चेहरा नव्हता, पण त्या तिघींच्या चेहऱ्यांवर ती सगळी उमटली होती. मी बटण दाबलं.

आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं. कारण काहीतरी शोधायला ती आत वळली आणि बाजूच्या उजेडात तिचा चेहरा माझ्यासमोर आला. काय चेहरा होता! मला राहवलं नाही. त्या गलक्यात तिला आवाजही गेला नाही. ही चोरी होती आणि ती मी जाणूनबुजून केली, हे इथे कबूल करतो.

फोटो धुऊन आणल्यावर पाठमोरा सगळ्या आळीत फिरवला. कुणाला काही विचारावं लागलं नाही. "अगं बाई, यमुनाबाई बोंबलून राह्यली!" म्हणून बाया हसून हसून लोटपोट झाल्या. नामदेवने तो दोन्ही हातांनी धरला आणि त्याचे डोळे भरून आले. यमुनाबाईने स्वतः बराच वेळ पाहिला. "पाठ अशी हाय माही?" ती म्हणाली. मग फोटो परत देत म्हणाली, "लुगडं मळलं हाय."

चेहऱ्याचा फोटो मी कुणाला दाखवला नाही. माझी परतीची गाडी मंचेरियलहून होती, तेव्हा सुमनला फोटो मीच देणार होतो. दोन्ही फोटो एकाच पाकिटात घातले.

मंचेरियल

मंचेरियलच्या झाडांची पानं काळी होती. कोळशाची धूळ पानांवर, खिडक्यांवर, वाळत घातलेल्या धोतरांवर. खाणीचा भोंगा झाला की रस्ता माणसांनी भरून जाई आणि पाच मिनिटांत पुन्हा मोकळा होई. सकाळी स्टेशनजवळ इडली खाऊन मी सुमनचं घर शोधत गेलो. एकसारख्या घरांच्या रांगेत तिचं घर होतं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची बाई, कडेवर मूल. खांदा पुढे काढून तिने "कोन पाह्यजे?" असं विचारलं आणि पत्ता बरोबर असल्याची माझी खात्री पटली.

"तुमच्या गावाहून आलोय. आईंचा फोटो आणलाय," मी म्हणालो.

माझा शहाणपणा असा की आपलं सर्वांत चांगलं काम आधी दाखवावं. मी पाकिटातून चेहऱ्याचा फोटो काढला आणि तिच्या हातात दिला.

तिने मुलाला खाली ठेवलं. मग स्वतः भिंतीला धरून खाली बसली.

"कवा?" तिने विचारलं.

मला कळेचना. "कधी काय?"

"कवा गेली?" आणि तिने जो टाहो फोडला, त्याने शेजारपाजारच्या तेलुगू बाया धावत आल्या. त्यांनी तिच्या हातातला फोटो पाहिला आणि माझ्याकडे अशा बघू लागल्या की पळावं तर वाट नव्हती. मूल रडायला लागलं. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "अहो, जिवंत आहेत त्या! कालच मला शिव्या दिल्या त्यांनी!"

ती रडता रडता थांबली. "मंग तोंडाचा फोटो काऊन काढला?"

खूळ म्हाताऱ्यांचं नव्हतं. त्या गावच्या सगळ्यांची ती लिपी होती आणि मला तेवढी वाचता येत नव्हती. मला स्वतःची अतिशय लाज वाटली. मी घाईने पाठमोरा फोटो काढून तिच्यापुढे धरला.

तिने पदराने तोंड पुसलं आणि पाहिलं. आधी तिला हसू फुटलं. "कोनाले झापून राह्यली जी? शेवंताले ना?" शेजारणींना तिने तेलुगूत काहीतरी सांगितलं, त्याही हसल्या. माझा जीव भांड्यात पडला.

पण तिचं हसू विरलं. ती फोटो घेऊन दाराशी, उजेडात गेली.

"चौकट धरली हाय," ती म्हणाली.

"हो, त्या हातामुळेच फोटोला—"

"माही माय चौकट धरत नाही. घरावर संकट आल्यावर बाया चौकट धरून उभ्या राह्यतात, म्हन्ते. लहानपनी मी धरली त विळ्याच्या मुठीनं बोटं फोडले तिनं माहे." तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. "अन् हा पाय पाहा. टाच खाली टेकलीच नाही. तिले उभं राहवत नाही भाऊ. तिले काहीतरी झालं हाय आन ती सांगून नाही राह्यली."

मी पाहिलं. टाच खरोखरच वर होती, लुगड्याच्या काठाखाली बोटभर. इतके दिवस मी त्या बाईकडे भिंगातून बघत होतो, तो फोटो मी स्वतः मोठा करून छापला होता, आणि मला फक्त हाताची तिरकी रेष सुंदर दिसली होती. सगळ्यांच्या आधी जाणं आणि सगळ्यांच्या मागून येणं म्हणजे काय, हे मला तिथे, मंचेरियलच्या त्या दारात उमगलं. गाव माणसाला चालीवरून ओळखतं, म्हणून तिने आपली चालच कुणाला दिसू दिली नव्हती.

सुमनने पंधरा मिनिटांत पिशवी भरली. नवरा पाळीवर होता, शेजारणीला निरोप दिला, मूल काखेला मारलं आणि मला म्हणाली, "चाला." माझ्या गाडीचं तिकीट खिशातच राहिलं.

पुन्हा बोथ

दोन बस बदलून दिवस मावळायच्या आत गावात पोचलो. यमुनाबाई घरात एकटी होती आणि आडवी पडली होती. लेकीला पाहून ताडकन उठून बसली. "तुले कोनं बलावलं?" खाली बसून सुमनने सरळ आईचा पाय ओढून मांडीवर घेतला.

टाचेत ज्वारीचं धसकट घुसलं होतं. किती दिवस झाले ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आतल्या आत मोडून राहिलेलं, वरून हळद आणि चिंधी बांधलेली. पाऊल सुजून चकाकत होतं आणि लाल रेघ पोटरीवर चढलेली. अंगात ताप होता. वेचणी संपेपर्यंत कुणाला कळलं की आपल्याला घरी बसवतील, म्हणून ती गप्प होती. तेवढ्यात ऑफिसातून परतलेला नामदेव, एका घरात राहून याचा पत्ता लागला नाही म्हणून कपाळावर हात मारून घेऊ लागला. मी त्याला काय सांगणार?

गाडीत पेंढा पसरून तिला त्याच संध्याकाळी बोथच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी चीर देऊन ते काढलं. आणखी तीन-चार दिवस काढले असते तर पाय कापावा लागला असता, असं ते म्हणाले. सुमन हे ऐकून भिंतीकडे तोंड करून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला गेलो. यमुनाबाईचा ताप उतरला होता, पायाला ही मोठी पट्टी, शेजारी नातू झोपलेला. सुमन चहा आणायला बाहेर गेली होती. मनातली बोच मला सहन होईना. मी म्हणालो, "यमुनाबाई, मी तुमचा गुन्हेगार आहे. तुम्ही नको म्हणालात तरी मी चोरून तुमच्या तोंडाचा फोटो काढला. सुमनने तो पाहिला."

मला वाटलं, आता विळा नाही हे नशीब.

"पाह्यला म्हन्ते," ती म्हणाली. "त्यात काय दिसलं तिले?"

"तुम्ही गेलात असं वाटलं."

"पाय दिसला?"

"नाही. तो पाठीच्या फोटोत दिसला."

ती पट्टीकडे बघत राहिली. इतक्या दिवसांत तिचा आवाज पहिल्यांदाच बसलेला होता.

"तोंडाले मी सांगून ठेवलं होतं भाऊ, काही बोलू नको म्हनून," ती म्हणाली. "पाठीले सांगाचं राहून गेलं."